घरच्या घरी मानसशास्त्राचे चार प्रयोग: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

अकरावीचं मानसशास्त्राचं पुस्तक हातात आलं किंवा एखादा व्हिडिओ पाहिला की घरातल्यांवर लगेच प्रयोग सुरू होतात. 'बघ हां, आता तू गोंधळणार' असं आधीच सांगून टाकलं जातं, प्रयोग एकदाच केला जातो आणि आलेल्या एका आकड्यावरून भावाचं लक्ष कमकुवत किंवा मुलीची स्मरणशक्ती अफाट असल्याचं जाहीर होतं. संकल्पना बरोबर असते, साहित्यही फारसं लागत नाही. घोळ होतो तो तयारीत आणि क्रमात.

खाली चार प्रयोग दिले आहेत. पहिल्या दोघांना प्रत्येकी अर्धा तास पुरतो, तिसऱ्याला एक आठवडा लागतो आणि चौथ्याला तीन-चार आठवडे. चौथा सगळ्यांत उपयोगाचा म्हणून थेट त्यावर उडी मारू नका. मोजायचा आणि मोजताना गप्प राहायचा सराव पहिल्या दोघांत होतो. तो नसेल तर चौथ्या प्रयोगाचं रूपांतर तिसऱ्या दिवशी घरगुती भांडणात होतं.

## तयारी

साहित्य: एक शंभर पानी वही, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, चार कार्डशीट, लाल, निळा, हिरवा आणि काळा असे चार स्केचपेन, चिठ्ठ्यांसाठी कागद आणि एक वाटी. पिवळा पेन घेऊ नका. पांढऱ्या कागदावर तो नीट दिसत नाही आणि वेळ वाढतो तो न दिसल्यामुळे. केशरीही नको, लालशी गल्लत होते.

वेळ आणि जागा: सगळ्या फेऱ्या दिवसाच्या एकाच सुमाराला घ्या. एक फेरी सकाळी आणि दुसरी दुपारच्या जेवणानंतर घेतली, तर तुम्ही सुस्ती मोजता. टीव्ही बंद ठेवा, कुकर गॅसवर नको, सहभागीचा मोबाईल दुसऱ्या खोलीत.

वहीत प्रत्येक प्रयोगाला एक पान द्या आणि पुढच्या गोष्टी सुरुवातीआधी लिहून ठेवा:

1. काय बदलणार? (फक्त एक गोष्ट.)
2. काय मोजणार? (सेकंद, चुका, आठवलेले मुद्दे. 'लक्ष' किंवा 'हुशारी' मोजता येत नाही.)
3. काय सारखं ठेवणार?
4. तुमचा अंदाज काय? आकड्यात लिहा.
5. सहभागीला द्यायची सूचना, शब्दशः.

पाचवा मुद्दा बहुतेक जण गाळतात. सूचना तोंडी दिली की आईला 'सावकाश कर, काही घाई नाही' आणि धाकट्या भावाला 'चल, पटापट' असं आपसूक निघतं. मग दोघांच्या आकड्यांतला फरक तुमच्या सूचनेचा असतो. सूचना कागदावरून वाचून दाखवा, थोडं हास्यास्पद वाटलं तरी.

सावधान: सहभागीला आधी विचारा, 'ही हुशारीची परीक्षा नाही, मधेच थांबलास तरी चालेल' हे सांगा आणि प्रयोग संपल्यावर नेमकं काय तपासलं तेही सांगा. कुणाला घाबरवून, लाजवून किंवा खोटी वाईट बातमी देऊन 'प्रतिक्रिया बघायची' हा प्रयोग नव्हे. आणि या चारपैकी कशावरूनही कुणाला आजाराचं नाव चिकटवता येत नाही.

## टप्पा १: शब्द एक, शाई दुसरी

१९३५ साली मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहायचा आणि सहभागीने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. सराईत वाचकाला वाचन थांबवता येत नाही. ते आपोआप घडतं आणि रंग सांगण्याच्या आड येतं.

कागद तयार करणं

1. पहिल्या कार्डशीटवर ६ ओळी आणि ६ रकाने असे ३६ चौकोन आखा. प्रत्येक रंगाचे ९ भरा. हा कागद 'क'.
2. चार शब्द आणि चार शाया यांच्या न जुळणाऱ्या जोड्या १२ होतात. प्रत्येक जोडीच्या ३ चिठ्ठ्या करा, म्हणजे ३६.
3. चिठ्ठ्या वाटीत हलवा, एकेक काढा आणि दुसऱ्या कार्डशीटवर त्या क्रमाने शब्द लिहा. अक्षर साधारण दीड सेंटिमीटर उंच, सगळीकडे सारखं. हा कागद 'ख'.
4. लिहिताना दोन गोष्टी टाळा. एकच शाई लागोपाठ दोनदा नको. आणि आधीच्या घरातला शब्द पुढच्या घरातली शाई होऊ देऊ नका. समजा 'निळा' हा शब्द लाल शाईत आहे. सहभागीने 'निळा' नुकताच दाबून टाकलेला असतो. पुढच्याच घरात निळी शाई आली की तोच शब्द बाहेर काढायला जास्त वेळ लागतो. अशी चिठ्ठी आली तर परत टाकून दुसरी काढा. शेवटी दोन-तीन चिठ्ठ्या अडतात, त्या मागच्या ओळीत बसतील तिथे बसवा.
5. तिसऱ्या कार्डशीटवर तेच ३६ शब्द नुसत्या काळ्या शाईत. हा कागद 'ग'.

प्रयोग घेणं

1. सहभागीला चार पेन दाखवून रंग विचारा. लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर या प्रयोगासाठी दुसरी व्यक्ती घ्या.
2. 'ग' कागद भराभर वाचायला सांगा. वेळ लिहा.
3. मग क, ख, ख, क या क्रमाने चार फेऱ्या. दुसऱ्या 'ख' आणि दुसऱ्या 'क' फेरीत शेवटच्या ओळीपासून वर यायचं, म्हणजे पाठ झालेला क्रम उपयोगी पडत नाही.
4. चूक झाली तर तिथेच दुरुस्त करून पुढे जायचं. घड्याळ थांबवायचं नाही. चुकांची संख्या वेगळी लिहा.
5. दोन 'क'ची सरासरी, दोन 'ख'ची सरासरी आणि त्यांतला फरक काढा.

क-ख-ख-क हा क्रम उगीच नाही. आधी दोन्ही 'क' आणि मग दोन्ही 'ख' घेतले, तर 'ख'ला सरावाचा फायदा मिळतो किंवा थकव्याचा तोटा होतो, आणि कोणता ते सांगता येत नाही. मधे दोन आणि कडेला दोन ठेवले की सराव आणि थकवा दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातात. घरगुती प्रयोगांतली सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि ती या एका क्रमाने सुटते.

तपासणी: 'ग' वाचायला लागलेला वेळ 'क'पेक्षा कमी असायला हवा. सराईत वाचक शब्द वाचतो त्यापेक्षा रंगांची नावं सांगताना हळू असतो. 'ग'लाच जास्त वेळ लागला, तर त्या व्यक्तीचं देवनागरी वाचन अजून आपोआप होत नाही आणि 'ख'मध्ये अडथळाही कमी दिसेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांत, विशेषतः परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांत, हे सर्रास घडतं. ती मुलं 'निळा' बघून मनात 'ब्लू' म्हणत असतात. त्यांच्यासाठी शब्द इंग्रजीत लिहून दुसरा संच करा. दोन्ही संचांतला फरक मूळ प्रयोगापेक्षा जास्त बोलका असतो.

स्ट्रूप यांच्या सहभागींना १०० रंगीत चौकोनांना सरासरी ६३ सेकंद लागले आणि १०० विसंगत शब्दांना ११०. त्या वेगाने ३६ घरांना साधारण २३ आणि ४० सेकंद होतात. तुमचे आकडे वेगळे येतील. 'ख' लक्षणीय हळू येतोय का एवढं पाहा. फरक उलटा आला तर आधी सहभागी डोळे बारीक करून शब्द धूसर करत होता का ते विचारा. हुशार मुलं हे पाचव्या घरापासून सुरू करतात.

घरात वापर: स्वयंपाकघरातले डबे बघा. बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ, 'साखर' लिहिलेल्या बरणीत रवा. घरचं माणूस चुकत नाही, कारण ते जागेवरून ओळखतं, लेबल वाचतच नाही. पाहुणी मावशी किंवा नवीन मदतनीस लेबल वाचल्यावाचून राहू शकत नाही आणि दर वेळी अडखळते. लेबलं खरडून काढा किंवा बरोबर लावा. औषधांच्या बाबतीत यात विचार करण्यासारखं काही नाहीच: एका गोळीच्या डबीत दुसरी गोळी कधीही ठेवायची नाही.

## टप्पा २: आकडे किती लक्षात राहतात, आणि गट पाडल्यावर किती

एका वेळी किती गोष्टी लक्षात राहतात याचा, मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' हा १९५६ सालचा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याचा अर्थ मात्र चुकीचा घेतला जातो. मर्यादा सुट्या आकड्यांची नाही, अर्थपूर्ण गटांची आहे. गट पाडायला वावच ठेवला नाही तर ती चारच्या आसपास येते, असं नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलं.

1. १ ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाका. ४ आकड्यांच्या दोन यादी, ५ च्या दोन, असं ९ पर्यंत काढून वहीत लिहा. एका यादीत आकडा पुन्हा नको. मनाने यादी करू नका. माणसाला सरमिसळ जमत नाही, ४-५-६ किंवा आपली जन्मतारीख नकळत घुसते.
2. सेकंदाला एक या गतीने, सपाट आवाजात वाचा. शेवटच्या आकड्याला आवाज खाली उतरला की सहभागीला यादी संपल्याचं कळतं. मधे श्वास घेतलात तर गट तुम्हीच पाडून दिलात.
3. यादी संपल्यावर तुम्ही मान हलवली की सहभागीने त्याच क्रमाने आकडे म्हणायचे.
4. एका लांबीच्या दोन्ही यादी चुकल्या की थांबा. त्याआधीची लांबी ही त्याची मर्यादा.
5. आता १२ आकडे त्याच गतीने वाचा: ९-०-१-६-९-१-४-०-९-५-१-७. जवळपास कुणालाच जमत नाहीत.
6. मग हेच १२ आकडे वेगळ्या क्रमाने: १-९-४-७-१-९-५-०-१-९-६-०. सपाटच वाचा.

सहाव्या पायरीवर काही जणांना चौथ्या-पाचव्या आकड्यालाच उमगतं: स्वातंत्र्य, प्रजासत्ताक, महाराष्ट्राची स्थापना. बारा सुट्या आकड्यांचे तीन गट होतात आणि ओझं संपतं. ज्याला उमगलं नाही त्याला सांगा आणि पुन्हा घ्या. क्रम उलटा करू नका. एकदा सालं कळली की सुट्या आकड्यांतही माणूस सालं शोधत बसतो.

घरात वापर: फोनवर मोबाईल नंबर सांगताना दहा आकडे सलग सांगू नका. पाच-पाच किंवा तीन-तीन-चार असे गट करा, मधे थांबा, समोरच्याला तो गट म्हणायला लावा आणि मगच पुढे जा. जोडीने सांगायची आपली जुनी पद्धत, म्हणजे 'अठ्ठ्याण्णव बावीस एकोणसत्तर…', दहाचे पाचच गट करते म्हणून चांगली. पण एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत अडखळणाऱ्या पिढीला तो आकडा आधी मनात फोडावा लागतो, आणि तेवढ्यात पुढची जोडी निघून जाते. अशांना सुटे आकडेच सांगा, पण गटात. वाणसामानाची यादी तोंडी सांगायची वेळ आली तर तीच गोष्ट: 'पोह्यांसाठी तीन, चहासाठी दोन' असं सांगा.

## टप्पा ३: पुन्हा वाचणं की पुस्तक मिटून लिहिणं

दहावी-बारावीच्या घरांनी निदान हा प्रयोग तरी करावा. उत्तर अभ्यासाच्या पद्धतीशी थेट जोडलेलं आहे, आणि नेमका हाच प्रयोग सगळ्यांत जास्त चुकवला जातो.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ सालच्या अभ्यासात तीन गट केले. त्यांतल्या एकाने चारही फेऱ्यांत उतारा वाचला. दुसऱ्याने एका फेरीत वाचून उरलेल्या तीन फेऱ्यांत, न बघता, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर चित्र फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. म्हणून त्याच संध्याकाळी चाचणी घेऊन 'वाचणंच बरं' असा निष्कर्ष काढणारे आकडे चुकीचे काढत नाहीत, चुकीच्या दिवशी काढतात.

तयारी

1. एकाच पुस्तकातले, सहभागीने न वाचलेले, साधारण २५० शब्दांचे चार उतारे निवडा. वर्णनात्मक हवेत: प्राणी, हवामान, एखादी संस्था. गणितं आणि कविता नकोत.
2. प्रत्येक उताऱ्यातले ३० सुटे मुद्दे लिहून काढा. 'समुद्री कासव रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतं' यात तीन मुद्दे आहेत: रात्री येतं, किनाऱ्यावर येतं, खड्डा करतं. ही यादी आधी हवी. उत्तर बघून केलेली यादी उत्तराच्या बाजूने झुकते.
3. कोणते दोन उतारे 'वाचन' आणि कोणते दोन 'आठवण' हे नाणं उडवून ठरवा. अवघड वाटलेला उतारा मनाने एका बाजूला टाकू नका.

पहिला दिवस

'वाचन' उताऱ्याला पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या, सगळ्या वाचनाच्या. 'आठवण' उताऱ्याला पहिली फेरी वाचनाची; उरलेल्या तीन फेऱ्यांत पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, दर वेळी नवा कागद. प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं विश्रांती. दिवसाला दोनच उतारे, एक एका पद्धतीचा. उरलेले दोन दुसऱ्या दिवशी, आणि त्या दिवशी पद्धतींचा क्रम उलटा.

प्रत्येक उताऱ्याच्या शेवटच्या फेरीनंतर एक प्रश्न विचारा: 'आठवड्याने यातलं किती टक्के आठवेल?' उत्तर वहीत. हा आकडा गाळू नका. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळख आपल्याला येत असल्यासारखी वाटते. मूळ अभ्यासातही वाचणाऱ्यांना सर्वांत जास्त भरवसा होता आणि आठवड्याने आठवलं सर्वांत कमी.

आठवड्यानंतर

1. उजळणी न करता, त्याच वेळी, प्रत्येक उताऱ्याला दहा मिनिटं. आठवेल ते लिहायचं. क्रम चिठ्ठीने.
2. कागद तपासणाऱ्याला कोणता उतारा कोणत्या पद्धतीचा हे माहीत नको. घरातलं तिसरं माणूस पकडा.
3. शब्द जुळायला नको, मुद्दा जुळला की एक गुण. अर्धे गुण देऊ नका, त्यातच पक्षपात शिरतो.
4. टक्केवारी काढा आणि पहिल्या दिवसाच्या अंदाजाशेजारी लिहा.

इथे काय चुकतं:

- 'आठवण' फेरीत पुस्तक मांडीवर अर्धवट उघडं असतं. एक नजर टाकली की ती फेरी वाचनाची झाली. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा.
- मधल्या आठवड्यात मूल 'माझा नंबर चांगला यावा' म्हणून गुपचूप उजळणी करतं. सूचनेत स्पष्ट सांगा की पद्धत तपासतोय, तुला नाही.
- दोन पद्धतींना वेगवेगळा वेळ दिला जातो. दोघींना वीस मिनिटं, एक मिनिट इकडे-तिकडे नको.
- पहिल्या 'आठवण' फेरीत जेमतेम दहा मुद्दे आले की मूल हिरमुसतं आणि पालक प्रयोग थांबवतात. ती खटपटच तर तपासायची आहे.

अभ्यासात वापरताना एक बदल करा. प्रयोगात लिहून झाल्यावर पुस्तक बघायला दिलं नव्हतं. अभ्यासात मात्र लिहून झालं की लगेच पुस्तक उघडून सुटलेलं आणि चुकलेलं लाल पेनने भरा. नाहीतर चुकीचंच पाठ होतं. पुढची 'आठवण' त्याच दिवशी नको. परीक्षा महिनाभराने असेल तर दोन वेळांत काही दिवसांचं अंतर ठेवा, थोडं विसरायला होऊ द्या. हायलायटरने रंगवलेली पानं दिसतात छान, पण त्यांतून काय आठवतं ते पुस्तक मिटल्याशिवाय कळत नाही.

## टप्पा ४: जेवताना मोबाईलचा हट्ट

इथे संकल्पना प्रबलनाची. वर्तनानंतर लगेच जे मिळतं त्यावर ते वर्तन पुन्हा होणार की नाही हे ठरतं. तीन वर्षांवरच्या, एरवी नीट खाणाऱ्या मुलासाठी हा टप्पा आहे. वजन वाढत नसेल, मोजकेच पदार्थ खात असेल, ओकारी काढत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, प्रयोग नको.

पायरी १: वर्तन मोजता येईल असं लिहा. 'त्रास देतो' हे मोजता येत नाही. 'मोबाईल किती वेळा मागितला' आणि 'किती मिनिटं रडला' हे येतं.

पायरी २: सात दिवस नुसती नोंद. काही बदलू नका. मोबाईल एरवी देत असाल तर या आठवड्यातही द्या. रोज एकाच जेवणाची नोंद करा आणि रकाने पाच ठेवा: आधी काय घडलं, किती वेळा मागितला, किती मिनिटं रडला, नंतर काय मिळालं, कुणी दिलं. शेवटचा रकाना घरात नाजूक असतो, पण तोच सगळ्यांत उपयोगी. पहिल्या एक-दोन दिवसांत नुसत्या नोंदीनेच घरातले सावध वागतात, म्हणून तीन दिवसांवर भागवू नका.

तपासणी: आठवडा संपला की नोंद वाचा. बहुधा असं दिसतं: पाच दिवस दुसऱ्या मिनिटाला मोबाईल मिळाला, दोन दिवस आठव्या मिनिटाला. म्हणजे दोन मिनिटांत नाही मिळाला तर आठ मिनिटं रडावं लागतं, एवढं मूल शिकलंय. मोठ्यांचंही शिकणं तिथेच दिसतं: मोबाईल दिला की रडणं थांबतं, म्हणून देणं पक्कं होतं. त्रास थांबल्यामुळे वर्तन वाढणं म्हणजे ऋण प्रबलन. त्याला शिक्षा समजण्याची चूक परीक्षेत आणि घरात दोन्हीकडे होते.

पायरी ३: घरातल्या सगळ्यांची एक बैठक. आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या ताई, सगळे. नियम एकच: जेवताना मोबाईल कुणाचाच दिसणार नाही, बाबांचाही. एक जण जरी सहाव्या दिवशी 'जाऊ दे, उपाशी राहील' म्हणून देणार असेल, तर सुरूच करू नका. अधूनमधून मिळणारं प्रबलन हट्ट सगळ्यांत चिवट करतं, रोज मिळण्यापेक्षाही.

पायरी ४: मुलाला आधी सांगा. जेवणाच्या वेळी नाही. दुपारी, शांत असताना, दोन वाक्यांत.

पायरी ५: बदल. मागणीला एकदाच 'जेवताना नाही' असं उत्तर, मग त्या विषयावर गप्प. रागावणंही नको; तेही लक्षच असतं. त्याच वेळी, मोबाईलशिवाय घास खाल्ला की लगेच लक्ष द्या: बोला, विचारा, चटणी वाढायला सांगा. बक्षीस द्यायचं तर जेवण संपल्या संपल्या, छोटं आणि नेमकं: खाली चक्कर, एक गोष्ट. रविवारच्या खेळण्याचं आश्वासन बुधवारच्या घासापर्यंत पोचत नाही. जेवणानंतर मोबाईल हे बक्षीस चालतं, पण शक्यतो टाळा. मूल मग घास न चावता गिळतं.

सावधान: पहिल्या दोन-चार दिवसांत रडणं बरेचदा वाढतं. आठ मिनिटांचं पंधरा होतं, ताट सरकवलं जातं. नेहमीचा उपाय चालेनासा झाला की तोच जोरात करून बघणं हे अपेक्षित आहे. ऐन या वेळी मोबाईल दिला तर पंधरा मिनिटांचा हट्ट पक्का केलात. म्हणून लग्नसमारंभ, परीक्षा किंवा आजारपणाच्या आठवड्यात सुरुवात नको. मूल स्वतःला इजा करेल असं वागलं तर मात्र थांबा आणि तज्ज्ञांशी बोला.

पायरी ६: आलेख. वहीच्या चौकटीच्या पानावर आडवे दिवस, उभी रडण्याची मिनिटं. बदल सुरू केला त्या दिवशी उभी रेघ मारा. रोज एक ठिपका. एका दिवसाच्या ठिपक्यावर मत बनवू नका. सात-सात दिवसांची सरासरी शेजारी ठेवा. दोन आठवड्यांनंतरही सरासरी सुरुवातीच्या आठवड्याइतकीच असेल, तर 'कुणी दिलं' हा रकाना तपासा, आणि मग जेवणाची वेळ. साडेनऊला झोपेला आलेलं मूल प्रबलनाने नाही, साडेसातला वाढल्याने जेवतं.

सवय लागायला २१ दिवस लागतात हे वाक्य घरात कुणीतरी म्हणेलच. लंडनमध्ये झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या रोजच्या छोट्या सवयी आपोआप होऊ लागण्याचा मधला आकडा ६६ दिवस आला, आणि व्यक्तीगणिक तो १८ ते २५४ पर्यंत पसरला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा गावाला गेल्यावर एका जेवणाला नियम मोडला तर आलेखावर त्या दिवशी फुली मारा आणि दुसऱ्या दिवशी पायरी ५ पासून तसंच पुढे चालू ठेवा. नोंद मात्र आणखी चार आठवडे, आठवड्यातून दोनदा का होईना, करत राहा. हट्ट संपला असं वाटल्यावर तो पुन्हा एखाद्या दिवशी अचानक डोकं वर काढतो, आणि त्या दिवशी घरात कोण काय करतं ते वहीत असायला हवं.